स्विचला पत्ता द्या, आणि गावची वेसही दाखवा

सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं काम सुरू करायचंय असं म्हणणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. काम झालं, पैसे मिळाले, तुम्ही घरी आलात. रात्री साडेनऊला गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, गोडाऊनचा चार नंबरचा कॅमेरा दिसत नाहीये." आता काय करणार?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "सकाळी जाऊन बघतो." मीही अनेक वर्षं तेच करत होतो. सकाळी गाडी काढायची, पाऊण तास जायचं, कॅमेऱ्याची केबल स्विचमधून काढून परत लावायची. कॅमेरा हँग झालेला असतो, वीज तुटून परत मिळाली की चालू होतो. काम दोन मिनिटांचं, गेला अर्धा दिवस. वर एएमसी आहे म्हटल्यावर पैसे मागायचीही सोय नाही. वर्षाच्या एएमसीत तुम्ही चार फेऱ्या धरल्या आणि प्रत्यक्षात सात झाल्या, तर त्या गिऱ्हाइकाकडून तुम्ही काहीच कमावलेलं नाही. उलट पेट्रोल घातलंत.

पीओई मॅनेज्ड स्विच असेल तर हे काम घरून होतं. पीओई म्हणजे एकाच लॅन केबलमधून कॅमेऱ्याला डेटाही आणि वीजही. स्विचचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं, चार नंबरच्या पोर्टची वीज बंद करायची, दहा सेकंद थांबून चालू करायची. कॅमेरा परत येतो. तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठलासुद्धा नसता. म्हणून मी सांगतो, साध्या स्विचपेक्षा हा महाग पडतो हे खरं, पण एएमसी करणाऱ्यानं गिऱ्हाइकाला तो समजावून विकायला शिकलंच पाहिजे.

पण विकून भागत नाही. मी असा पहिला स्विच एका कापड दुकानात बसवला तेव्हा त्याला आयपी अ‍ॅड्रेस दिला, दुकानात बसून त्याचं पान उघडून मालकांना दाखवलं, खूश होऊन घरी आलो. पंधरा दिवसांनी तोच फोन, तोच चार नंबर. मी ऐटीत लॅपटॉप उघडला, व्हीपीएन जोडलं. राउटर दिसतोय. डीव्हीआर दिसतोय. स्विच काही उत्तर देईना. पिंग करतोय, टाइम आउट. मालकांना म्हटलं, स्विच बंद पडला असेल. ते म्हणाले, "बाकीचे कॅमेरे तर दिसतायत की." बरोबर होतं त्यांचं. स्विच ठणठणीत होता. शेवटी सकाळी पाऊण तास गाडी चालवून गेलो, आणि स्विचच्या सेटिंगमध्ये बघतो तर डिफॉल्ट गेटवेचा रकाना रिकामा. मीच भरला नव्हता. दुकानात बसून सगळं चालत होतं म्हणून लक्षातच आलं नाही.

आजच्या व्हिडिओत स्क्रीनवर सगळं करून दाखवलंय. इथे ते का करायचं ते सांगतो, कारण बटणं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, कारण मात्र सगळीकडे एकच.

स्विचला पत्ता लागतो तरी कशाला?

खरं तर लागत नाही. दुकानात जो आठ पोर्टचा साधा स्विच असतो त्याला आयपी अ‍ॅड्रेसच नसतो, आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो. स्विचचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे. कोणत्या पोर्टवर कोणतं यंत्र आहे हे तो त्या यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून लक्षात ठेवतो. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला नंबर. प्रिंटरसाठी काही आलं की थेट प्रिंटरच्या पोर्टवर सोडतो. एखादा नंबर माहीत नसला तर सगळ्या दारांवर हाक मारतो, ज्याचं असेल तो उत्तर देतो, मग ते दार तो टिपून ठेवतो. या सगळ्यात वॉचमनचं स्वतःचं घर त्या सोसायटीत असण्याची गरज नाही.

पण तुम्हाला वॉचमनशीच बोलायचं असेल तर? त्याचा मोबाइल नंबर लागेल. मॅनेज्ड स्विचला आपण जो आयपी अ‍ॅड्रेस देतो तो म्हणजे हा मोबाइल नंबर. पोर्ट बंद-चालू करायला, कोणत्या पोर्टवर किती वीज जातेय ते बघायला, व्हीलॅन करायला. दुकानाच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

आता गेटवे. आयपी अ‍ॅड्रेससोबत सबनेट मास्क असतो, आपल्या छोट्या कामांत बहुधा २५५.२५५.२५५.०. याचा अर्थ, पत्त्यातले पहिले तीन आकडे हे गावाचं नाव आणि शेवटचा आकडा घर नंबर. १९२.१६८.१०.२ आणि १९२.१६८.१०.५० हे एकाच गावचे. ते एकमेकांशी थेट बोलतात, मधे कोणी लागत नाही. पण पहिल्या तीनपैकी एखादा जरी आकडा वेगळा असला तरी ते दुसरं गाव. तिकडे जायचं तर वेशीतून जावं लागतं. डिफॉल्ट गेटवे म्हणजे ही वेस, आपल्या दुकानात ती राउटरवर असते.

माझ्या फजितीत नेमकं काय झालं होतं ते आता कळेल. व्हीपीएनवरून माझ्या लॅपटॉपला वेगळ्या गावचा पत्ता मिळाला होता. माझा निरोप राउटरपर्यंत गेला, राउटरनं तो स्विचपर्यंत पोचवलाही. स्विचनं उत्तर तयार केलं. पण उत्तर परगावी पाठवायचं होतं आणि त्याला वेस कुठे आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. निरोप पोचला, उत्तर मात्र अडकलं. डीव्हीआरमध्ये गेटवे भरलेला होता म्हणून तो बोलत होता. दुकानात बसलो होतो तेव्हा मी स्विचच्याच गावात होतो, वेशीची गरजच पडली नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. तुम्ही व्हीपीएन न वापरता दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर रिमोट घेऊन तिथून स्विचचं पान उघडत असाल, तर गेटवे रिकामा असला तरी चालेल, कारण तो कॉम्प्युटर त्याच गावचा. काही राउटर व्हीपीएनवरून आलेल्या माणसाला स्वतःच्या पत्त्याआड लपवतात, तिथेही चालून जातं. म्हणूनच काही जण छातीठोकपणे सांगतात, "मी कधी गेटवे टाकत नाही, काही होत नाही." त्यांचं अजून अडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय बिलिंगचा कॉम्प्युटर रात्री बंद असतो, आणि कॅमेऱ्याचा फोन रात्रीच येतो.

उलटा गैरसमजही आहे. दुकानाचं इंटरनेट बंद पडलं की मुलं स्विचचा गेटवे तपासत बसतात. अरे, स्विचमधला गेटवे हा फक्त स्विचच्या स्वतःच्या बोलण्यासाठी आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरना त्यांचा गेटवे राउटरकडून वेगळा मिळतो. स्विचमध्ये तो चुकला किंवा रिकामा राहिला तरी बिलिंग, यूपीआय, इंटरनेट सगळं चालूच राहतं. तिथे वेळ घालवू नका.

आधी कागद, मग लॅपटॉप

पत्ते जागेवर उभं राहून सुचतील तसे देऊ नका. मी एका दुकानासाठी असं ठरवतो: राउटर १९२.१६८.१०.१, पहिला स्विच १९२.१६८.१०.२, दुसरा असेल तर .३, डीव्हीआर किंवा एनव्हीआर .१०, कॅमेरे .२१ पासून पुढे, प्रिंटर .४०. मोबाइल आणि लॅपटॉपना राउटर आपोआप जे पत्ते वाटतो, म्हणजे डीएचसीपी, ते १०० ते १९९ मध्ये बांधून टाकतो. हे बांधणं महत्त्वाचं. नाहीतर राउटर एखाद्या दिवशी स्विचचाच पत्ता कोणाच्या तरी फोनला देऊन बसतो, मग कधी स्विच लागतो कधी नाही, आणि दोष शोधता शोधता डोकं उठतं.

तिसरा आकडा १० का? बहुतेक घरचे राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर येतात. तुमच्या घरीही १९२.१६८.१ आणि गिऱ्हाइकाकडेही १९२.१६८.१ असेल, तर व्हीपीएन जोडल्यावर तुमच्या लॅपटॉपला वाटतं की १९२.१६८.१.२ म्हणजे आपल्याच घरातलं यंत्र. तो दुकानात शोधतच नाही. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला १०, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १२ असे आकडे देत चला आणि वहीत लिहून ठेवा. आज दोनच गिऱ्हाइकं आहेत म्हणून आळस करू नका. वीस झाल्यावर सगळीकडचे पत्ते बदलायला कोणी पैसे देत नाही.

आता प्रत्यक्ष काम

नवा स्विच खोक्यातून काढला की लगेच दुकानाच्या नेटवर्कला जोडू नका. हे मी ओरडून सांगतोय, कारण यात मी एका दुकानाचं ऐन दिवाळीच्या गर्दीतलं बिलिंग बंद पाडलंय. स्विच कारखान्यातून काही ठरलेला पत्ता घेऊन येतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच स्विचचा तो १९२.१६८.०.१ असतो, डी-लिंकच्या स्मार्ट स्विचचा १०.९०.९०.९०, सिस्कोच्या छोट्या व्यवसायाच्या मालिकेत १९२.१६८.१.२५४. आता ज्या दुकानात राउटरच १९२.१६८.०.१ वर बसलाय तिथे त्याच पत्त्याचा स्विच लावला तर काय होईल? एका गावात दोन वेशी, आणि त्यातली एक भिंतीवर नुसती रंगवलेली. कॉम्प्युटर इंटरनेटसाठी राउटरला शोधतात आणि स्विचच्या दारात जाऊन थांबतात. अर्धी मशीनं चालू, अर्धी बंद, गिऱ्हाइकांची रांग, आणि मालक तुमच्याकडे बघतायत. त्या दिवशी मला कारण सापडायला तासभर लागला.

म्हणून स्विच एकटा चालू करा आणि लॅपटॉप एका केबलनं थेट त्याला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर तो दुसऱ्याच रस्त्यानं जातो. मूळ पत्ता स्विचच्या खालच्या लेबलवर किंवा खोक्यातल्या कागदावर बघा. लॅपटॉपच्या लॅन सेटिंगमध्ये हातानं त्याच गावचा दुसरा पत्ता द्या. स्विच १०.९०.९०.९० असेल तर लॅपटॉपला १०.९०.९०.९१, मास्क २५५.२५५.२५५.०. लॅपटॉपचा गेटवे रिकामा चालेल, इथे दोघं एकाच गावात आहेत. ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाका, पान उघडेल. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होताना दिसला तर समजा की तुम्ही हातानं दिलेली सेटिंग लागलेलीच नाही, विंडोजनं स्वतःच काहीतरी घेतलंय.

पहिलं काम पासवर्ड बदलणं. मग सिस्टिमच्या पानावर आयपी सेटिंग शोधा. डीएचसीपी बंद करून स्टॅटिक करा. पत्ता १९२.१६८.१०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१०.१. गेटवे हा स्विचच्या गावचाच हवा, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे. इथे १९२.१६८.१.१ असं सवयीनं लिहिणारे मी खूप पाहिलेत. वेस दुसऱ्या गावात असून काय उपयोग?

अप्लाय दाबलं की पान अडकतं, गोल फिरत राहतं. घाबरू नका, रिसेटचं बटण तर अजिबात दाबू नका. स्विचचा पत्ता बदललाय आणि तुमचा ब्राउझर अजून जुन्या पत्त्यावर हाका मारतोय, एवढंच. लॅपटॉपला आता १९२.१६८.१०.५० द्या आणि १९२.१६८.१०.२ उघडा.

आणि मग सेव्ह करा. हे वेगळं सांगावं लागतं, कारण बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये अप्लाय म्हणजे फक्त आत्तापुरतं. कायमचं करायचं तर सेव्ह कॉन्फिग नावाचं वेगळं बटण असतं, कधी वरच्या कोपऱ्यात लपलेलं. ते विसरलात तर पहिल्यांदा लाइट गेली की स्विच जुन्या पत्त्यावर परत. आपल्याकडे लाइट कधी जाणार हे मी सांगायला नको. म्हणून माझी पद्धत अशी की सेव्ह केल्यावर मी स्वतःच प्लग काढतो, परत लावतो, आणि पत्ता टिकलाय का बघतो. त्यानंतरच केबल राउटरला जोडतो.

सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच हातात आला तर तिथे बहुधा काळ्या स्क्रीनवर आज्ञा लिहाव्या लागतात. कन्सोल केबल लावायची, वेग ९६००. आज्ञा इंग्रजीतच टाइप करायच्या, व्हिडिओत दिसतीलच. क्रम असा: एनेबल, कॉन्फिगर टर्मिनल, मग इंटरफेस व्हीलॅन १. तिथे आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.२ २५५.२५५.२५५.०, आणि नो शटडाउन. हे शेवटचं विसरायचं नाही, व्हीलॅन १ चा इंटरफेस बहुतेक वेळा बंदच असतो. एक्झिट करून बाहेर यायचं आणि आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१०.१. मग एंड, आणि कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. ही शेवटची आज्ञा म्हणजे तेच आपलं सेव्हचं बटण. शो आयपी इंटरफेस ब्रीफ लिहून पत्ता लागलाय का ते बघा. स्विच लेयर ३ चा असेल आणि त्यावर आयपी राउटिंग चालू केलेलं असेल, तर मात्र तो डिफॉल्ट-गेटवेच्या ओळीकडे बघतच नाही. तिथे आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.१०.१ अशी ओळ लागते. ओळ दिसतेय पण काम करत नाही, असं झालं तर आधी हे तपासा.

बाहेरून बघितल्याशिवाय निघू नका

माझी पाऊण तासाची फेरी वाचली असती, जर निघण्यापूर्वी दोन मिनिटं घालवली असती तर. दुकानात बसूनच लॅपटॉप दुकानाच्या नेटवर्कमधून काढा, स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, व्हीपीएन जोडा, आणि १९२.१६८.१०.२ ला पिंग करा. आता तुम्ही परगावचे आहात. उत्तर आलं तर गेटवे बरोबर. एखादा रिकामा पोर्ट बंद-चालू करूनही बघा. मालकांना जवळ बोलवा, एका कॅमेऱ्याची वीज त्यांच्या समोर घालवून आणून दाखवा. एएमसीचा आकडा सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

एक काम मात्र कधीच करू नका. व्हीपीएनचा कंटाळा येतो म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून स्विचचं पान थेट इंटरनेटवर उघडं टाकायचं. काही जण कॅमेऱ्यांसाठी असं करतात, तेही चूकच आहे. स्विच उघडा टाकणं म्हणजे सगळ्या दुकानाची किल्ली रस्त्यावर ठेवणं.

कागदाचं राहिलंच. सगळे पत्ते, स्विचचं नाव, कोणत्या पोर्टला कोणता कॅमेरा, हे एका पानावर लिहून रॅकच्या दाराच्या आतून चिकटवा. पासवर्ड त्यावर नाही, तो बंद पाकिटात मालकांच्या हातात. इथे काही मुलं नाक मुरडतात, "सर, पासवर्ड दिला तर उद्या ते दुसऱ्याला बोलावतील." मी अशा दुकानात गेलोय जिथे आधीच्या माणसानं काहीच ठेवलं नव्हतं. पासवर्ड नाही, पत्ता नाही, फोन उचलत नाही. शेवटी स्विच रिसेट करावा लागला, त्यातली व्हीलॅनची सगळी मांडणी गेली, अख्खा दिवस परत उभी करण्यात गेला. मालकांनी तो दिवस माझ्या बिलात नाही, त्या माणसाच्या नावावर लिहिला, आणि बाजारपेठेतल्या आणखी चार दुकानदारांना सांगितला. आणि तुम्ही हे दुकानदार म्हणून वाचत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी हे पान आणि हे पाकीट मागून घ्या. तुमचा हक्क आहे तो.

स्विच विकत न घेता सराव करायचा असेल तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर त्यांच्या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीत खातं उघडलं की फुकट मिळतं. त्यात एक राउटर घ्या, त्याच्या एका बाजूला स्विच आणि एक कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या गावचा एक कॉम्प्युटर. दोन्ही कॉम्प्युटरना गेटवे द्या, स्विचला फक्त पत्ता द्या. जवळच्या कॉम्प्युटरवरून स्विचला पिंग करा, उत्तर येईल. लांबच्यावरून करा, येणार नाही. पण लांबच्यावरून जवळच्या कॉम्प्युटरला केलं तर येईल. आता स्विचला गेटवेची ओळ द्या आणि लांबच्यावरून परत करून बघा. पहिलं एखादं पिंग कधी कधी चुकतं, तेव्हा दोनदा करा.